दुसऱ्या हाकेला ओ

भिवंडीत शांतता कुणाला मानवत नाही. लूमची खटखट कानावर पडत असली की इथला माणूस सुखानं जेवतो, झोपतो, भांडतोसुद्धा त्याच आवाजात, वरच्या पट्टीत. वीज गेली आणि खटखट थांबली की झोळीतलं पोर दचकून रडायला लागतं. खोटं वाटत असेल तर इथल्या टेमघरात येऊन बघा. शुक्रवारी मात्र लूमला सुट्टी, आणि शुक्रवारची दुपार झाली की बकुळा रोकडे घरात थांबत नसे. चपला पायात सरकवायची, आईला सांगायची, "आये, प्रेसमधी काम हाय," आणि निघायची. सुट्टीच्या दिवशी कसलं आलंय काम? पण तिच्या आईनं, द्रौपदीबाईंनी, ते कधी विचारलं नाही.

काम नव्हतंच. भीती होती. खटखट बंद पडली की बकुळाला हाका ऐकू यायच्या. "सरूऽ." मग जरा थांबून पुन्हा, "सरूऽ." दोनच. आवाज परका असता तर कुणा भगताच्या दारात जाऊन मोकळी तरी झाली असती. पण तो आवाज तिचा स्वतःचा होता, ती अकरा वर्षांची होती तेव्हाचा.

तेव्हा म्हणजे एकाहत्तर साली. रोकडे मंडळी खाडीकाठच्या अंजूरला राहत होती. बाप दौलत नगरपालिकेत मुकादम, आई लोकांच्या शेतावर मजुरीला, आणि घरात दोन मुली. थोरली बकुळा, चार वर्षांनी धाकटी सरू. सरू म्हणजे वात्रटपणाचा अर्क. पुढचे दोन दात पडलेले, तरी तोंडाला विसावा म्हणून नाही. द्रौपदीबाईंनी दोघींकडून एक गोष्ट पाठ करून घेतली होती. शेतावर, खाडीवर कुणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. "मानूस तीनदा हाक मारतो. ते दोनदाच मारतं. तिसरी त्याला येत न्हाय." ‘ते’ म्हणजे कोण, हे दौलतच्या देखत विचारायची सोय नव्हती. तो भडकायचा. "आपण दीक्षा घेतलीय. भूत न्हाय, चकवा न्हाय. पोरींच्या डोक्यात ही घाण भरू नको सांगतो." त्यामुळे बाप घरात असला की भूत नसायचं. तो ड्युटीवर गेला की परत यायचं.

भातकापणीचे दिवस होते. आई बांधापलीकडे कापणीला, आणि दोघी बहिणी ओहोटीला खाडीवर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला गेल्या. टोपली भरत आली, पाणी फिरलं, भरती लागली, आणि सरूबाई तिवराच्या झाडीत लपून बसल्या. बकुळानं हाक मारली. झाडीतून खुसखुस आली, ओ नाही. पुन्हा हाक मारली. तरी नाही. बकुळाचं डोकंच फिरलं. डोक्यावर टोपलीचं ओझं, पाय घोट्यापर्यंत चिखलात, आणि ही बया खेळतेय! "ऱ्हा तितंच," असं पुटपुटून ती घराकडे चालू लागली. येईल मागून, जातेय कुठे.

सरू आली नाही. गावानं दोन दिवस खाडी पिंजून काढली. फ्रॉक नाही, केसाची रिबीन नाही, काही म्हणता काही हाती लागलं नाही. काही सापडलं नाही म्हणून मेल्याचा दाखलाही कुणी दिला नाही. आईनं बकुळाला एकच विचारलं, "हाक मारलीस ना गं? तीनदा?"

"तीनदा," बकुळा म्हणाली.

झालं. एवढंच खोटं. त्यानंतर घरात सरूचं नाव कुणी काढलं नाही. वर्षभरात दौलतनं अंजूर सोडलं आणि टेमघरात खोली घेतली, लूमच्या अगदी भिंतीला लागून.

बकुळा दहावी झाली आणि एकोणऐंशी साली केसरीनाथ म्हात्रेच्या प्रेसमध्ये खिळे जुळवायला लागली. शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलायचं, उलटं ओळीत लावायचं, आणि उलटंच वाचायचं. लूमवाल्यांची बिलबुकं, लग्नपत्रिका, जत्रेत विकायच्या सापशिड्या, असला माल. दोन वर्षांत तिचा हात असा बसला की केसरीनाथ गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमच्या बकुळाबाईंच्या मजकुरात चूक दाखवा न् चहा फुकट प्या." चहा कुणाला मिळाला नाही. एका अनुस्वारासाठी चालू मशीन थांबवणारी बाई ती. बाप गेला, स्थळं आली, तिनं एकेकाला वाटेला लावलं. का, ते आईनंही खोदून विचारलं नाही. त्या घरात न विचारण्याचा कारखानाच होता.

चौऱ्याऐंशीच्या सुरुवातीला कल्याणच्या कॉलेजातले एक मास्तर दोनशे फॉर्म छापायला घेऊन आले. वर ‘नाव’, खाली चौकोन: बळ, अक्कल, नशीब, जवळ काय आहे, कशाची भीती वाटते.

"हा कसला दाखला?" बकुळानं विचारलं.

मास्तर हसले. त्यांच्या भाच्यानं अमेरिकेहून एक खेळ आणला होता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. प्रत्येक माणसाचा एक फॉर्म. काय करणार ते आपण तोंडानं बोलायचं, जमलं की फसलं ते फासा ठरवणार.

"म्हणजे जो माणूस नाहीच, त्याचा दाखला?"

"तसंच म्हणा."

बकुळानं फॉर्म बिनचूक छापले. दहा-बारा जास्तीचे निघाले ते मास्तरांना विचारून पिशवीत टाकले. आणि मे महिन्यात गावात दंगल पेटली, कर्फ्यू लागला, लूम बंद पडले. एक शुक्रवार सोसत नव्हता तिथं ओळीनं कितीतरी दिवस शुक्रवार. घराबाहेर पाऊल टाकायची चोरी. भिंतीपलीकडे चिडीचूप, आणि त्या शांततेत सकाळ-संध्याकाळ हाका. सरूऽ. सरूऽ. बकुळा कानात कापसाचे बोळे घालून बसली, काही उपयोग झाला नाही. आवाज बाहेरून येत असता तर झाला असता ना! चौथ्या दिवशी तिनं पिशवीतला एक फॉर्म काढला आणि लिहिलं. नाव: सरू. बळ: दोन. अक्कल: सहा. नशीब: पुढे तिनं काहीच लिहिलं नाही. कशाची भीती वाटते: कशाचीच नाही.

कर्फ्यू उठेपर्यंत दोनशे पानी वही भरली होती.

खेळाचं नाव ठेवलं ‘तीन हाका’. एकजण सांगणारा. बाकीच्यांनी सोंगं घ्यायची: नावाडी, वैदू, विणकरीण, आणि एक हरवलेली. ही सोंगांची युक्ती सोनीची. सोनी प्रेसमध्ये बांधणीला होती, डोंगराकडच्या पाड्यातली. त्यांच्याकडे बोहाड्याला देवादिकांचे मुखवटे चढवून नाचतात. वही ऐकून ती गंभीर झाली. म्हणाली, "सोंग घ्यायचं लिवलंस, उतरवायचं कुटं लिवलंस? न्हाय उतरवलं तं घरी येतं संगती." म्हणून बकुळानं शेवटचा, पंधरावा नियम घातला: खेळ संपला की सांगणाऱ्यानं प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारावी.

पण खेळाचा जीव होता चौदाव्या नियमात. हरवलेली पाठ फिरवून बसते. तिचं नाव पुस्तकात सरूच ठेवलं होतं. सांगणारा तिला हाक मारतो, आणि प्रत्येक हाकेनंतर एक दान पाण्याचं पडतं, भरती वर चढते. सरूनं तिसऱ्या हाकेला ओ द्यायची, त्याआधी नाही. दुसऱ्या हाकेनंतरचं दान सगळ्यात वाईट. तिथं दहातल्या आठ वेळा सरू बुडायची. बकुळानं स्वतःशीच खेळून पाहिलं होतं. शंभरदा तरी.

केसरीनाथनं वही चाळली, डोकं खाजवलं. "सापशिडीत साप गिळतो, पोरं हसतात. ह्याच्यात पोरं रडतील की हो."

"रडू द्या," बकुळा म्हणाली.

पण माणूस दिलदार. श्याऐंशीत पाचशे प्रती काढल्या, वर नाव ‘वेस प्रकाशन’. खिळे बकुळानं स्वतः जुळवले, तीन प्रुफं स्वतः वाचली. शाळांना, वाचनालयांना पत्रं धाडली. महिनाभर कुत्रंही फिरकलं नाही. मग अकोल्याहून पोस्टकार्ड आलं. ‘आम्ही सहाजणी खेळलो. आमची सरू आली.’ मग साताऱ्याहून: ‘आमची पण आली. तीनदा खेळलो, तिन्ही वेळा आली.’ मग परभणी, मग दापोली. आली, आली, आली.

बकुळाला कळेना. एवढ्या सगळ्यांचं दान कसं चांगलं पडतंय? तिनं पुस्तक उघडलं, चौदावा नियम काढला. तिथं छापलं होतं: ‘सरूने दुसऱ्या हाकेला ओ द्यावी.’ म्हणजे ते सगळ्यात वाईट दान पडायच्या आधीच सरू सुटत होती.

केसरीनाथ धावत आला. "असूं दे हो, ‘त’चा खण रिकामा असंल त्या वक्ताला." खण काठोकाठ भरलेला होता, ते तिलाही माहीत होतं आणि त्यालाही. "चिकटी छापू बारकीशी. ‘तिसऱ्या’ तेवढं लावून टाकू प्रत्येक प्रतीवर. तासाभराचं काम."

"नको," बकुळा म्हणाली.

केसरीनाथ बघतच राहिला. अनुस्वारासाठी मशीन थांबवणारी बाई, आणि आख्खा शब्द चुकलाय तर नको म्हणते! पण ती काय सांगणार? की ही चूक नाही, हा कबुलीजबाब आहे? पंधरा वर्षं जिभेवर अडलेलं तिच्या बोटांनी परस्पर छापून टाकलंय, पाचशे प्रतींत? आणि चिकटी लावली की अकोल्यात, साताऱ्यात, दापोलीत आलेली सरू पुन्हा पाण्यात जाणार? छे. तिनं पुस्तकं तशीच बांधायला सांगितली.

पुढची आठ वर्षं बकुळाची भरभराटीची. तिनं आणखी चार खेळ लिहिले, गोदामाचा, घाटातल्या चौकीचा, असे. ठाण्याच्या प्रदर्शनात टेबल मांडलं. शाळांमधून बोलावणी यायची, ‘भिवंडीच्या सोंगवाल्या बाई’ म्हणून. खिळे मोडीत गेले तेव्हा वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कल्याणला जाऊन कॉम्प्युटर शिकून आली. पण खपायचा तो ‘तीन हाका’च, आणि कार्डं यायची ती सरूचीच. त्यातली काही बकुळा दोनदा वाचत नसे. ‘आमची सरू आली पण बोलत नाही.’ ‘आमच्या सरूचे पाय चिखलाचे होते, सगळ्यांना दिसले.’ दापोलीच्या एका मुलीनं लिहिलं, ‘सरूच्या मुठीत चिंबोरीचा तुटका डेंगा होता, ती देईना.’ आता डेंग्याचं, त्या नांगीचं, बकुळानं पुस्तकात कुठंही लिहिलं नव्हतं. टोपलीतल्या मोठ्या चिंबोरीचा डेंगा सरूनं त्या दिवशी मोडून घेतला होता. त्यावरूनच दोघींचं भांडण जुंपलं होतं, आणि म्हणूनच ती लपली होती. बकुळानं ते कार्ड प्रेसच्या कपाटात सगळ्यात खाली घातलं.

घरात मात्र पुस्तकाची एक प्रत आणली नाही. गरजही नव्हती म्हणा, द्रौपदीबाईंना अक्षर येत नव्हतं. मुलगी सापशिडीसारखं कायतरी छापते, एवढंच त्या शेजारणींना सांगत.

पण ब्याण्णव साली विहारात साक्षरतेचा वर्ग निघाला. तुळजा नावाची हसतमुख मुलगी शिकवायला, आणि वर्गात साठीच्या बायका. द्रौपदीबाई पहिल्या दिवशीच पाटी घेऊन हजर. दोन वर्षांत दुकानांच्या पाट्या झाल्या, रेशनकार्ड झालं, डाळीच्या पुडीचा कागद झाला. जे दिसेल ते बोट ठेवून वाचायच्या. आई शिकली म्हणून जिच्या छातीत धडकी भरते, अशी लेक सगळ्या ठाणे जिल्ह्यात एकच असेल.

चौऱ्याण्णवमध्ये ‘तीन हाका’ची दुसरी आवृत्ती ठरली. पुण्याच्या विक्रेत्यानं अट घातली, चौदावा नियम दुरुस्त करा, खेळ फार सोपा झालाय. केसरीनाथनंही मान डोलावली. शनिवारी पानं छपाईला द्यायची होती. बकुळानं कॉम्प्युटरवर ‘दुसऱ्या’ खोडून ‘तिसऱ्या’ केलं, मग ‘तिसऱ्या’ खोडून ‘दुसऱ्या’. गुरुवारचा सबंध दिवस असा गेला.

शुक्रवारी दुपारी लूम थांबले. बकुळानं चपला शोधल्या. जागेवर नव्हत्या.

"बस," द्रौपदीबाई म्हणाल्या. त्यांनी उशीखालून पुस्तक काढलं. कोपरे दुमडलेलं, हळदीचे डाग पडलेलं. "तुळजानं आनलंय वर्गात. बारकी बारकी वाक्यं हायत म्हनून. आमी समद्या खेळतो. पन मला कोन सरू करीत न्हाय. बोलतात, मातारी हायस, तू वैदू हो."

"आये, मी..."

"आज मी सरू. तू सांग."

आणि म्हातारी खाली बसली, भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन. पदराच्या गाठीतला फासा तिनं बाजूला ठेवला. भिंतीपलीकडे काही वाजत नव्हतं. बकुळाला पळावंसं वाटलं. तरी तिनं गोष्ट सांगायला सुरुवात केली, ओहोटीची, तिवराची, फिरलेल्या पाण्याची. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. मग तिनं हाक मारली.

"सरूऽ."

फासा पडला. तीन.

"सरूऽ."

म्हातारी हलली नाही. बकुळा थांबली. "आये, ओ दे की. पुस्तकात दुसरीला लिवलंय."

"पुस्तकात चुकलंय," भिंतीकडे बघतच द्रौपदीबाई म्हणाल्या. "हाका तीन असतात."

"आये." बकुळाला रडू फुटलं. "मी दोनदाच मारली गं. दोनदाच मारली आन् निगून आले. खोटं बोलले तुज्याशी."

"ठावं हाय."

"कवापासनं?"

"त्याच दिसापासनं. मी बांदावर व्हते. तुजा आवाज आला, दोनदा. हातातली पेंडी खाली ठेवली न् कान देऊन उबी ऱ्हायले तिसरीसाठी. न्हाय आली. बोलले, मंग ही मानसाची न्हाय. ‘ते’ हाय. पोरीचा आवाज काडतंय." म्हातारीनं गुडघे आणखी पोटाशी ओढले. "आन् मी परत वाकले. पेंडी बांदाय लागले. दोन हाकांवर धावले असते तं गावली असती गं ती. तीन हाकांचं मीच शिकवलं, आन् मीच बसले मोजत."

"मग मला विचारलंस कशाला, तीनदा का म्हनून?"

"तू ‘न्हाय, दोनदाच’ बोलली असतीस तं मला बी माजं कबूल कराया लागलं असतं तुज्या बापाफुडं."

तेवीस वर्षं दोघी एका खोलीत, एका भिंतीशी, आणि दोघींना त्याच दोन हाका. ती आईला जवळ घ्यायला पुढे सरकली.

"मधी येऊ नको," म्हातारी म्हणाली. "खेळ न्हाय संपला. पानी चडतंय."

तिनं पाठीमागे चाचपून फासा उचलला आणि टाकला. फासा गडगडत खाटेखाली गेला. किती पडले ते बघायला बकुळा वाकली नाही. तिनं तोंड उघडलं, आवाज निघेना. दोनदा प्रयत्न केला. मग निघाला, मोठ्यानं, शेजारच्या खोल्यांतून बायका दारात आल्या इतक्या मोठ्यानं.

"सरूऽऽ!"

"ओ," द्रौपदीबाई म्हणाल्या. बारीक, दात पडल्यासारख्या आवाजात. "किती येळ लावलास गं ताय."

कितीतरी वेळानं बकुळाला पंधराव्या नियमाची आठवण झाली. तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. खऱ्या नावानं हाक मारायची होती.

"ऱ्हाऊ दे जरा," म्हातारी म्हणाली.

शनिवारी पानं वेळेवर छपाईला गेली. चौदाव्या नियमात ‘तिसऱ्या’ झालं, पण दुसऱ्या हाकेनंतरचं पाण्याचं दान बकुळानं काढून टाकलं. केसरीनाथ म्हणाला, "अहो, खेळ आणखीनच सोपा झाला." ती म्हणाली, "होऊ द्या." पंधराव्या नियमात तिनं एक वाक्य वाढवलं. दुसऱ्या आवृत्तीची प्रत कुणाकडे असेल तर शेवटच्या पानावर बघा, अजून तसंच आहे: ‘हरवलेलीचं सोंग उतरवायची घाई करू नये.’